पाचटाखालची लाईन

ओढ्याच्या पलीकडून मेंढरांचा आवाज आला आणि उदयसिंहच्या हातातली दुधाची कासंडी हातातच राहिली. धनगराला यंदा येऊ नको म्हणून सांगायचं राहूनच गेलं होतं.

दरवर्षी संक्रांतीच्या मागंपुढं आटपाडीकडची मेंढरं त्याच्या रानात बसायला यायची. वर्धनगडचा घाट उतरून कोरेगावच्या अंगाला आलं की तोडलेल्या उसाच्या त्याच्या रानात पहिला मोठा मुक्काम. मायाप्पा धनगर, त्याची बायको, म्हातारी आई हरणाबाई, पोरगी उत्कर्षा, एक घोडं, दोन कुत्री, चार-सहा शेळ्या आणि बाकी सगळी मेंढरं. दिवसा चरायची आणि रात्री रानात बसायची. रानाला खत मिळायचं, धनगराला त्याबद्दल धान्य मिळायचं. हा सगळा व्यवहार उदयसिंहची बायको अंजना बघायची. मायाप्पाचा फोन तिलाच यायचा. मेंढरं कुठल्या तुकड्यात बसवायची, कोकरं कोंडायचं जाळं कुठं लावायचं, ते तीच सांगायची. अंजना श्रावणात गेली. तिचा फोन तेव्हापासून कपाटात बंद होता.

"ताई! आवं ताई! आलो बरं का आमी!" मायाप्पानं फाटकातनंच हाक दिली.

उदयसिंह बाहेर आला. "ताई न्हाई, मायाप्पा. श्रावणात गेली."

मायाप्पानं डोक्याचा पटका काढून हातात घेतला आणि तसाच उभा राहिला. मागून आलेली हरणाबाई अंगणातच खाली बसली. "माझ्या आदी कशी गेली गं बाय," एवढंच म्हणाली आणि पदरात तोंड घालून रडली. उदयसिंहनं आत जाऊन तांब्या भरून आणला.

"तुमी म्हणत असाल तर फुडं जातो, हवालदारसाहेब," मायाप्पा म्हणाला.

"आलाईस तर बसव. रान मोकळंच हाय."

उदयसिंह फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाला होता. सिग्नलमध्ये होता. बर्फात, वाळवंटात, दोन्हीकडं त्यानं टेलिफोनच्या लाईनी टाकल्या होत्या. घरी आल्यावर ऊस, म्हशी आणि पाण्याची पाळी, एवढंच. मुलगा वीरधवल सध्या फौजेत आसामला होता. अंजना गेल्यापासून उदयसिंह ओसरीवर झोपत असे. तिच्या खोलीचं दार त्यानं लावून घेतलं होतं.

दोन दिवसांनी सकाळी तो पाटाचं पाणी बघायला रानाकडं गेला तर उत्कर्षा मोटारीच्या खोलीच्या पत्र्यावर उभी. एका हातानं आंब्याची फांदी धरलेली, दुसऱ्या हातात मोबाइल आभाळाकडं केलेला. खाली जाळ्यात कोकरं ओरडत होती.

"ए पोरी, पडशील! काय करतीस वर?"

"रेंज बघतीया, आबा."

"कुणाला फोन लावायचाय?"

"फोन न्हवं. शाळा लावायचीया."

उदयसिंहला वाटलं, पोर थट्टा करतेय. पण ती खाली उतरली आणि पत्र्याचा गंज हाताला लागलेला झाडत सगळं सांगायला लागली. ती पाचवीत होती. आटपाडीकडं तिच्या गावात सिमरन मुलाणी नावाच्या मॅडम होत्या. दिवाळीनंतर निम्मा वर्ग रिकामा होतो. कुणाचे आईबाप मेंढरामागं, कुणाचे ऊसतोडीला, कुणाचे वीटभट्टीवर. मॅडमनी लोकांकडनं जुने मोबाइल गोळा करून दुरुस्त करून घेतले आणि ज्या ज्या घरानं गाव सोडलं त्या घराच्या पोराच्या हातात एक एक दिला. वर्गातल्या भिंतीवर मोठा टीव्ही. सकाळी अकरा वाजता ही बाहेरची पोरं त्या टीव्हीवर येऊन बसतात.

"मॅडम म्हणत्यात, ज्यास्नी शाळंत येता येत न्हाई त्यांच्याकडं शाळंनं जायचं."

"बरं हाय की मग. अडलंय कुठं?"

"मायणीला लागत हुती. वडूजला बी लागली. घाट उतरल्यापास्नं एक दिस लागली न्हाई. नुसता फोन लागतुया, नेट न्हाई." तिनं कोकरांकडं बघितलं. "शुक्रवारी माझा धडा हाय. 'माझी वाट' म्हणून. आमी गावाकडनं हितवर कसं येतो ते मी शिकवायचं सगळ्यांस्नी. बा म्हणतो, शुक्रवारी लागली तर लागली. न्हाईतर फोन मॅडमला परत द्यायचा आन् फुडल्या सालापास्नं कोकरं तुझ्याकडं."

"कोकरं आता बी तुझ्याकडंच हायेत की."

"आता राखायला हायेत, आबा. मग कायमची."

हे बोलताना ती रडली नाही. फक्त फोन ओढणीनं पुसला.

"मागल्या साली कशी लागायची गं?"

"काकूंच्या खोलीत. वायफाय हाय नव्हं तुमचं? काकूंनी पासवर्ड माझ्या फोनात घातल्याला. अजून हाय त्यात."

मागच्या वर्षी ही पोरगी रोज घराकडं जायची, ते उदयसिंहला माहीत होतं. अंजनाला तेव्हा दम लागायला लागला होता, ती फारशी बाहेर पडत नव्हती. पोरगी येते, गप्पा मारते, भाकरी खाऊन जाते, बायकोला सोबत होते, एवढाच त्याचा समज. तो दिवसभर रानात असायचा.

वायफायची ती पेटी वीरधवलनं आईसाठी बसवली होती. आई आजारी पडली तसा तो आसामातून रोज संध्याकाळी व्हिडिओवर यायचा. अंजना गेली, दिवसकार्य झालं, पोरगा ड्यूटीवर गेला. त्या संध्याकाळी उदयसिंह खोलीत झोपायला गेला तर भिंतीवर त्या पेटीचे हिरवे दिवे लुकलुकत होते. कुणीतरी जागं असल्यासारखे. त्यानं पिन काढून टाकली, दार ओढून घेतलं आणि वळकटी घेऊन ओसरीवर आला.

"घरात ये," तो आता म्हणाला. "मी लावून देतो."

उत्कर्षानं मान खाली घातली. "आजी सोडणार न्हाई."

संध्याकाळी त्यानं हरणाबाईला विचारलं. म्हातारी चुलीला फुंकर घालत होती. तिनं त्याच्याकडं न बघताच सांगितलं, "रागावू नका, हवालदार. तुमी देवमाणूस हायसा. पर ज्या घरात बाईमाणूस न्हाई, त्या घरात वाढती पोर धाडायची न्हाई, ही आमची रीत हाय. अंजनाबाई हुत्या तवा गोष्ट निराळी. आन् कोकरं कोण बघणार?"

ती बरोबरच होती. उदयसिंह घराकडं निघाला. बांधावरून चालता चालता त्यानं सवयीनं अंतर पायानं मोजलं, आणि फाटकाशी आल्यावर स्वतःशीच म्हणाला, "पोर घरात येत न्हाई ना. मग लाईन रानात न्यायची."

सकाळी त्यानं सद्दामला फोन केला. सद्दाम शिकलगार कोरेगावात इंटरनेटची जोडणी करायचा. ती पेटी त्यानंच बसवली होती.

"काका, मी तर वाटच बघत होतो तुमच्या फोनची," सद्दाम म्हणाला.

"का? बंद केलं न्हवं का ते?"

"कुठं बंद? वीरूदादा दर खेपेला रिचार्ज मारतोय. मी म्हटलं, पेटी बंद दिसतीया, काढून आणू का? तर म्हणतो, असू दे, आबा कवातरी लावतील."

उदयसिंहनं खोलीच्या बंद दाराकडं बघितलं. मग म्हणाला, "लांब वायर घेऊन ये. रानापर्यंत पुरंल एवढी. आन् दुसरी पेटी."

पिन लावायला त्याला खोलीत जावं लागलं. दार उघडलं. पलंगावर चादर तशीच घडी घालून होती. त्यानं इकडंतिकडं बघितलं नाही, सरळ भिंतीपाशी गेला, पिन खोचली आणि दिवे लागेपर्यंत उभा राहिला. दिवे लागले तसा बाहेर आला.

सद्दाम मोटारसायकलवर वायरची भेंडोळी बांधून आला आणि रान बघून म्हणाला, "काका, काठ्या रोवून वरनं नेऊ या."

"तू मला लाईन टाकायला शिकवणार व्हय रं?" कित्येक महिन्यांनी उदयसिंहच्या आवाजाला धार आली होती. "लाईन वरनं न्यायची नसती. दिसली की गेली. जमिनीलगत टाकायची, बांधाच्या कडंकडंनं, आन् झाकायची."

"फौजेत ठीक हाय, काका. हितं कोण दुश्मन बसलाय?"

"दुश्मन कुठं असतो ते आदी कळत असतं व्हय?"

दोघांनी मिळून बांधाच्या कडेनं वायर टाकली. एक नेटची, एक लाईटची. घराला इन्व्हर्टर होता, अंजनाच्या श्वासाच्या मशीनसाठी घेतलेला, त्यामुळं लाईट गेली तरी काळजी नव्हती. वायरीवर उदयसिंहनं रानात पडलेलं पाचट, उसाचा वाळला पाला, पसरलं, पायानं दाबलं, लांब उभा राहून बघितलं. काही दिसत नव्हतं. त्याला फार बरं वाटलं. दुसरी पेटी जाळ्याशेजारच्या आंब्याला पोत्याच्या आडोशात टांगली. उत्कर्षानं फोन काढला. फोननं न विचारताच जोडून घेतलं. अंजनानं घातलेला पासवर्ड नव्या पेटीलाही सद्दामनं तोच ठेवला होता.

"लागली!" पोरगी एवढ्या मोठ्यानं ओरडली की कुत्री भुंकायला लागली.

गुरुवारी अकराला उदयसिंह आंब्याखाली हजर होता. आपण टाकलेली लाईन चालते का ते बघायला आलोय, असं त्यानं स्वतःला सांगितलं. उत्कर्षानं फोन दोन दगडांच्या फटीत उभा केला होता. फोनमध्ये वर्ग दिसला. रंगवलेल्या भिंती, खाली बसलेली पोरं, आणि पुढं निळ्या ड्रेसमधल्या तरण्या मॅडम.

"उत्कर्षा आली! उत्कर्षा आली!" पोरांनी कल्ला केला.

"बसा खाली. माझ्यापेक्षा तिचं स्वागत जास्त," मॅडम हसून म्हणाल्या. "उत्कर्षा, मागं काय ओरडतंय?"

"कोकरं, मॅडम."

"त्यांची पण हजेरी लावू का?"

उदयसिंहनं आयुष्यात गुरुजी बघितले होते ते छडीवाले. हे काही निराळंच होतं. कडेच्या चौकटीत आणखी दोन पोरं होती. एक कऱ्हाडकडं उसाच्या फडात पालासमोर बसलेला, नाव शिवतेज. एक पोरगी वीटभट्टीवर, तिच्यामागं विटांचा ढीग आणि धूर. मॅडम टीव्हीच्याच फळ्यावर अपूर्णांक शिकवत होत्या. एक भाकरी काढली, फळ्यावरच बोटानं तिचे तुकडे केले, तुकडे सरकवून दाखवले. मग प्रश्न घातला आणि म्हणाल्या, "कार्ड वर."

सगळ्या पोरांनी काळ्या-पांढऱ्या नक्षीचे पुठ्ठे वर धरले. ज्याला जे उत्तर वाटतं त्याप्रमाणं पुठ्ठा फिरवून धरायचा. मॅडमनी मोबाइल सगळ्या वर्गावरून हळूच फिरवला, आणि टीव्हीवर एकेका पोराच्या नावापुढं बरोबर की चूक ते उमटत गेलं. कुणी कुणाचं बघून उत्तर द्यायला वाव नाही, आणि चुकलेल्याला उभं करणं नाही. चुकलेले चौघे होते, मॅडमनी भाकरी पुन्हा काढली, निराळी कापली. दुसऱ्या खेपेला चौघांचंही बरोबर आलं. उत्कर्षानं आपला पुठ्ठा कॅमेऱ्यापुढं धरला होता. तिच्याही नावापुढं हिरवी खूण आली. इथं रानात, मेंढरांच्या वाड्यात बसलेल्या पोरीचं उत्तर तिकडं आटपाडीच्या भिंतीवर.

"वा रं वा," उदयसिंह स्वतःशीच म्हणाला. फौजेत एवढी सोय असती तर, असंही त्याच्या मनात आलं.

तेवढ्यात वर्गातून एक मुलगा म्हणाला, "मॅडम, उत्कर्षा काकूंच्या गावाला पोचली तरी काकूंचं नाव बिनखुणेचंच हाय."

यादीत सगळ्यात खाली एक नाव करड्या रंगात होतं. अंजनाकाकू.

"काकू कुठं हायेत गं, उत्कर्षा?" मुलगा विचारत होता. "त्यांचं कार्ड हरवलं का?"

उत्कर्षानं उदयसिंहकडं बघितलं. तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, किंवा तिच्यानं सांगवलं नव्हतं. उदयसिंह खाली बसला. पोरांनी पहिल्यांदाच त्याला बघितलं.

"मी काकूंचा नवरा," तो म्हणाला. "काकू वारल्या, बाळांनो. श्रावणात."

मॅडम फोनच्या जवळ आल्या.

"आम्हाला माहीत नव्हतं, काका. मागच्या वर्षी त्या रोज उत्कर्षाजवळ बसायच्या. चौथीतनं शाळा सुटली होती म्हणाल्या. मग पोरांनीच त्यांचं नाव घातलं वर्गात. भागाकारात भारी होत्या. तुम्हाला सांगितलं असेलच त्यांनी."

"न्हाई," उदयसिंह म्हणाला.

"एकदा काकू चुकल्या आन् म्हणाल्या, मला दम लागतुया म्हणून चुकले," मघाचा मुलगा म्हणाला. पोरं हसली आणि मग हसलो म्हणून एकमेकांकडं बघायला लागली. उदयसिंह हसला. अंजना अशीच होती. चुकली की दमावर घालायची.

"नाव काढू का मी यादीतनं?" मॅडमनी हळू आवाजात विचारलं.

"असू द्या."

तो रात्री ओसरीवर पडला तेव्हा त्याला पहिल्यांदा वाटलं, की आपण रानात असताना आपली बायको शाळेत जात होती. आपल्या घरातून. आणि संध्याकाळी विचारलं की म्हणायची, "काय न्हाई, पोरगी आल्ती." त्याला राग आला नाही. तिला काहीतरी स्वतःचं मिळालं होतं, आणि ते त्या भिंतीवरच्या पेटीतून आलं होतं.

शुक्रवारी मायाप्पानं मेंढरं लवकर सोडली नाहीत. "आज धडा बघू काय हाय त्यो," म्हणाला आणि आंब्याच्या बुंध्याला पाठ लावून बसला. उत्कर्षानं वेणीला नवी रिबीन बांधली होती. अकराला थोडा वेळ होता. तिनं फोन दगडांत उभा केला, बघितला, पुन्हा बघितला.

"आबा, पेटीचा दिवा लाल झालाय."

उदयसिंहनं पेटी हलवली, पिन काढून पुन्हा घातली. दिवा लालच. तो बांधाच्या कडेनं लाईन बघत निघाला. निम्म्या वाटेवर बघतो तो मायाप्पाची काबरी शेळी मजेत उभी. तिच्या पायाखालचं पाचट साफ खाल्लेलं, आणि तिच्या तोंडातून हातभर वायर लोंबतेय. लाईटची वायर जरा जाड होती, ती वाचली. नेटची दोन ठिकाणी चावून तुटली होती.

उदयसिंहनं खाली बसून तुटलेलं टोक हातात घेतलं. उसाच्या रानात बसवलेल्या मेंढरांना आणि शेळ्यांना चरायला काय असतं, तर पाचट. आणि त्यानं लाईन नेमकी त्याच पाचटाखाली घातली होती. शत्रूपासून लपवली आणि वाढून दिली शेळीला. सद्दामला बोलवावं तर कोरेगावहून यायला तासभर. धडा अकराला.

पोरीला घेऊन मायाप्पा मागून आला, शेळीच्या तोंडातली वायर ओढून काढली आणि बघत राहिला. मग पोरीकडं न बघता म्हणाला, "ऱ्हाऊ दे आता. नशिबात नसंल. मेंढरं सोडतो."

उत्कर्षा जाळ्याकडं चालायला लागली, कोकरांकडं. उदयसिंहला तिची पाठ दिसत होती आणि नवी लाल रिबीन. वायरचं तुटलेलं टोक हातात धरून तो म्हणाला, "मायाप्पा, चूक माझी हाय. पोरीची न्हाई. लाईन माझी हुती."

"कुणाची बी असू दे—"

"गप रं!" हरणाबाई ओरडली. ती काठी टेकत जाळ्यापाशी उभी राहिली होती. "घरातली पेटी चालू हाय का, हवालदार?"

"हाय."

"मग चला. मी येते पोरीसंगं. बाईमाणूस न्हाई म्हणून नको म्हणले हुते. मी बाईमाणूसच हाय न्हवं?" तिनं उत्कर्षाचा हात धरला. "आन् मायाप्पा, तू बी ये. शेळी तुझी, दोष पोरीला लावतुईस. हितं तुझी बायको बघंल."

चौघं घाईनं घराकडं निघाले. खोलीच्या दारात हरणाबाईनं काठी भिंतीला टेकवली, चपला काढल्या आणि उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावला. "अंजनाबाई, आलो गं," म्हणाली आणि आत गेली. उदयसिंह तिच्या मागून गेला. पलंगावरची चादर त्यानं स्वतः झटकली आणि उत्कर्षाला म्हणाला, "बस हितं."

अकरा वाजून गेले होते. पण शाळा लागली, आणि वर्ग थांबलेला होता.

"चला उत्कर्षाताई," सिमरन मॅडम म्हणाल्या. "आता बाई तुम्ही. मी बसते खाली."

आणि त्या खरंच पोरांत जाऊन बसल्या. टीव्हीवर आभाळातून काढलेला जमिनीचा फोटो होता. रानं, रस्ते, ओढे, सगळं वरून. शाळेचा पत्रा ओळखू येत होता. मॅडमच्या हातात छोटी कळ होती, उत्कर्षा सांगेल तसा फोटो सरकायचा. तोच फोटो इकडं फोनमध्ये दिसत होता.

"मॅडम, वर चला. आमी शाळंच्या मागनं निघतो. मावळतीकडं. हां. ही टेकडी. हितं पैला मुक्काम."

पहिल्यांदा तिचा आवाज चिरकत होता. मग तो मोकळा झाला. कुठं पाणी मिळतं, कुठल्या गावात कुत्री वाईट, मायणीच्या तळ्यावर थंडीत कसले पक्षी येतात, रस्त्यावर ट्रकच्या दिव्यानं मेंढरं कशी बुजतात, ते ती सांगत गेली. पोरं मध्येच विचारत होती. वीटभट्टीवरची मुलगी म्हणाली, "आमच्या भट्टीवरनं जाताय तुमी! थांबा की, मॅडम, थांबा!" फोटो थांबला. भट्टी दिसली. ती मुलगी टाळ्या वाजवायला लागली. आपण कुठं आहोत ते तिला पहिल्यांदाच वरून दिसत होतं.

पुढं एका ओढ्यापाशी उत्कर्षा म्हणाली, "हितनं सरळ."

"सरळ न्हाई," दारातून मायाप्पा म्हणाला. तो उंबऱ्याबाहेरच उभा होता. "ओढा वलांडायच्या आदी डावीकडं वळायचं. सरळ गेलीस तर दरडीखाली जातीस."

"कोण बोललं?" मॅडमनी विचारलं.

"माझा बा."

"त्यांना पुढं येऊ दे."

मायाप्पा पुढं आला, पटका सारखा केला, फोनसमोर वाकला. "मॅडम, म्या कवा शाळंत गेल्यालो न्हाई."

"आत्ता आलात की," मॅडम म्हणाल्या. सगळा वर्ग हसला आणि मायाप्पाही. मग तो सरळ पलंगाच्या कडेला बसला आणि बापलेक मिळून मेंढरं हाकायला लागले. पुसेगाव आलं, वर्धनगडचा घाट आला. घाटातली वळणं वरून बघून मायाप्पा म्हणाला, "आयला, एवढी वळणं हायेत व्हय! चालताना कळत न्हाई गड्या." पूर्वी कधीतरी केलेला पुसेगावजवळचा मुक्काम दिसला तेव्हा तो बोटानं दाखवत राहिला. "बघा, त्या रानात काळं चौकोन दिसतंय का? आमी बसवल्यालं हाय ते. खत हाय. वरनं बी दिसतंय!"

"आभाळातनं दिसतंय तुमचं काम, मायाप्पा," मॅडम म्हणाल्या, आणि त्या चेष्टा करत नव्हत्या.

फोटो शेवटी उदयसिंहच्या रानावर आला. मोटारीची खोली, आंबा, बांध, आणि बांधाच्या टोकाला घर. उत्कर्षा म्हणाली, "आन् हितं आता मी हाय. ह्या घरात."

"मॅडम, अंगणात लाल काय हाय ते?" वर्गातली एक मुलगी म्हणाली.

मॅडमनी फोटो मोठा केला. घराच्या अंगणात चौकोनी लाल डाग होता. गच्च लाल. उदयसिंह फोनजवळ वाकला. फोटो आजचा नव्हता. आता नसलेला जुना गोठा त्यात होता, म्हणजे दीड-दोन वर्षांपूर्वीचा, उन्हाळ्यातला.

"मिरच्या हायेत," तो म्हणाला. "चटणीच्या मिरच्या. जुन्या लुगड्यावर वाळत घातल्यात."

"काकूंनी घातल्यात?" त्या मुलीनं विचारलं.

"आणखी कोण घालणार?"

"पण काकू दिसत न्हाईत."

उदयसिंहनं बघितलं. ओसरीचा पत्रा होता, त्याची सावली अंगणात पडली होती. "सावलीला बसली असंल," तो म्हणाला. "कोंबड्या हाकाय. मिरच्या सोडून ती हलायची न्हाई."

मॅडमनी फोटो तसाच ठेवला. हरणाबाईनं जवळ येऊन डोळे बारीक करून बघितलं. "कुठली मिरची घालायची हो ती? संकेश्वरी का ब्याडगी?"

"निम्मी निम्मी," उदयसिंह म्हणाला. "तिखटाला संकेश्वरी, रंगाला ब्याडगी." त्याला ते माहीत आहे, हे त्याचं त्यालाच तेव्हा कळलं.

धडा संपला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मॅडम उठून पुढं आल्या आणि म्हणाल्या, "उत्कर्षा, हा धडा मी जपून ठेवलाय. पुढच्या वर्षीच्या पाचवीला हाच दाखवणार. त्यांना शिकवायला तू सहावीत असशील ना?"

उत्कर्षानं बापाकडं बघितलं. मायाप्पा पटक्याचं टोक बोटाला गुंडाळत होता. मग तो फोनशी न बोलता उदयसिंहला म्हणाला, "हवालदारसाहेब, हितनं फुडं आमी रहिमतपूरच्या अंगाला जातो. तितं रेंज कशी हाय, जरा इचारून बघता का कुणाला? तुमच्या त्या सद्दामला म्हायती असंल. रेंज बघून मुक्काम ठरवू या म्हणतो. चारा काय, मागंफुडं मिळतोय."

"म्हणजे व्हय म्हणतोय तो," हरणाबाई मॅडमला मोठ्यानं म्हणाली. "गावाकडं ह्याचा बा बसलाय, त्येला बी सरळ व्हय म्हणता येत न्हाई."

मेंढरं आणखी आठवडाभर बसली. उत्कर्षा रोज अकराला आजीबरोबर खोलीत यायची, कोकरांपाशी तिची आई थांबायची. उदयसिंहही रानातून त्या वेळेला घरी यायला लागला. निघायच्या दिवशी त्यानं ज्वारी मोजून दिली, आणि कपाटातून एक नवं लुगडं आणि नारळ काढून हरणाबाईपुढं ठेवला. अंजना दरवर्षी तिची ओटी भरायची. "मला भराय येत न्हाई," तो म्हणाला. "तुमचं तुमी घ्या."

"कळतंय मला," म्हातारी म्हणाली आणि स्वतःच पदरात घेतलं.

मेंढरं ओढ्यापलीकडं दिसेनाशी झाली तशी त्यानं बांधाच्या कडेची वायर गोळा करायला घेतली. फौजेत करायचा तशी, कोपर आणि तळव्यावर आठाचे फेरे घालत. पाचट झाडत, तुटलेली टोकं बाजूला ठेवत. तेवढ्यात सद्दामचा फोन आला.

"काका, रहिमतपूरच्या नदीकाठाला रेंज हाय, सांगा त्यांना. आन् ती वायर न्यायला येऊ का?"

"राहू दे. फुडल्या साली मेंढरं यायची हायेत."

"परत पाचटाखालनं टाकणार व्हय?"

"न्हाई रं बाबा," उदयसिंह म्हणाला. "काठ्या रोवून वरनं टाकू. तू म्हणशील तशी."

भेंडोळं खांद्याला लावून तो घरात गेला आणि ते अंजनाच्या खोलीत पेटीखाली भिंतीला टेकवून ठेवलं. दिवे लुकलुकत होते. तो पलंगावर टेकला आणि त्यानं वीरधवलला व्हिडिओ लावला.